आत्याला पसंत पडलेलं घर

आमच्या आत्याने नापसंत केलं नाही असं घर अख्ख्या महाराष्ट्रात एकच आहे, आणि त्या घरात मी राहते. यात थोडी बढाई आहे हे मला मान्य आहे. पण ज्यांनी आत्याला बुलढाण्याकडच्या चिखलीच्या बाजारात वांगी घेताना पाहिलंय ते ही बढाई मला माफ करतील. आत्या वांगी घेत नाही, वांग्यांची तोंडी परीक्षा घेते. एकेक उचलायचं, देठाशी दाबायचं, उन्हाकडे धरायचं, आणि सगळी परत ठेवून शेजारच्या पाटीकडे वळायचं. एकदा एका भाजीवाल्याने हात जोडून म्हटलं, "बाई, फुकट न्या, पन आता जा." त्यावर आत्या त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि शांतपणे म्हणाली, "मले घाई नाही रे बाप्पा. आन वांग्याले तं मुळीच नाही." चिखलीतला एक कापडवाला तिला दुकानाच्या पायऱ्या चढताना पाहतो आणि आधी घरी जेवायला उशीर होईल असा निरोप पाठवतो. आमच्या उंद्री गावाहून चिखलीला येणारी एस.टी. काही फार वेळ घेत नाही, पण तेवढ्यात आत्या इतक्या जागा बदलते की कंडक्टर तिला तिकीट द्यायला शेवटी येतो. ती एकदा कुठेतरी कायमची बसली असं त्याला वाटतं, तोवर चिखली आलेली असते.

दिसायला ती उंच, चांगली रुंद, पदर कमरेला घट्ट खोचलेला, आणि आवाज असा की सगळं बोलणं बांधावरून पलीकडच्या बांधावर चाललंय असं वाटावं. फोनवर तर ती फोनची गरजच नसल्यासारखी बोलते. आमच्या घराण्यात एकही सोयरीक तिच्या होकाराशिवाय झालेली नाही. माझ्या चुलतबहिणीला दुसरबीडचं एक स्थळ आलं होतं. शेती, नोकरी, रंगरूप, सगळं नंबरी. सगळे पोह्यांच्या बशा हातात घेऊन हसतमुखाने बसलेले असताना आत्या उठली आणि चपला घालू लागली. बाहेर आल्यावर बाबांनी काकुळतीला येऊन विचारलं, "बाई, काऊन? काय कमी हाय पोरात?" आत्या म्हणाली, "त्यानं मायले पानी मांगतलं, पन मान वळवून पाह्यलं नाही. पोरगा चांगला हाय. मान वळत नाही त्याची." झालं, दुसरबीड संपलं. बहिणीने पुढे ज्याच्याशी लग्न केलं त्याची मान इतकी वळते की तो स्कूटर चालवतानाही मागे बघून तिच्याशी बोलतो, आणि तिचा जीव मुठीत असतो. पण हा आत्याचा दोष नाही.

बाबा आत्याहून बरेच लहान. शाळेच्या ऑफिसात ते क्लार्क होते, तिथे त्यांच्या शब्दाला वजन होतं. घरात तर होतंच. पण आत्या दारात आली की ते उभे राहायचे. तिने त्यांना कडेवर घेऊन वाढवलं होतं आणि ते ती कुणासमोरही सांगायची.

मला पुण्याला कंपनीत नोकरी लागली तेव्हा बाबा हरखले नाहीत, रागावलेही नाहीत. दोन दिवस त्यांनी विषयच काढला नाही. बुलढाण्याच्या एका पतसंस्थेत त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता हे मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी जेवताना ते भाकरीकडे बघत म्हणाले, "जाय. माही ना नाही. पन तठी राहाचं घर आत्या पाहीन. तिनं हो म्हनलं तं जाय." आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. इतक्या गोड शब्दांत मिळालेला नकार मी तोवर ऐकला नव्हता. आत्या कशालाच हो म्हणत नाही हे बाबांना जितकं ठाऊक होतं तितकं जगात कुणालाच नव्हतं.

सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघी चिखलीहून ट्रॅव्हल्सने निघालो. आत्याच्या पिशवीत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी होती. चढताना तिने ड्रायव्हरला विचारलं, "दुपारी झोपला होता का रे भाऊ?" तो हसून हो म्हणाला. मग "किती वाजता उठला?" हेही विचारलं. उत्तराने तिचं समाधान झालं तेव्हा कुठे गाडी सुटली.

पुण्याच्या ज्या बाजूला माझी कंपनी होती ती बाजू रोज सकाळी थोडी वाढलेली असते. काल जिथे ज्वारी होती तिथे आज पत्रे ठोकलेत, पत्र्यांवर पोहण्याच्या तलावाचं चित्र आहे आणि पत्र्यांमागे क्रेन उभी आहे. आत्या मान वर करून एकेक इमारत बघत होती. "हे समदे लोक खालतं कवा उतरतात व?" तिने विचारलं. शहराबद्दल तिने मला विचारलेला हा एकच प्रश्न. बाकीचे सगळे तिने शहरालाच विचारले.

माझ्या मैत्रिणीच्या खोलीवर हातपाय धुऊन आम्ही एका एजंटाला गाठलं. चाळिशीचा, काळ्या चष्म्याचा, आणि बोलताना सारखी घाई असलेला माणूस. मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की सुरक्षित जागा दाखवा. मला वाटत होतं, कडक नियमांचं एखादं वसतिगृह दाखवलं की आत्या विरघळेल. त्याने नेलंही तसंच. गेटला अंगठा लावायचा, प्रत्येक मजल्यावर कॅमेरे, खाली टेबलाशी इस्त्रीच्या साडीतल्या बाई. बाबांनी स्वतः बांधून घेतलं असतं तर याहून कडक झालं नसतं.

"गेट नऊला बंद," त्या बाई अभिमानाने म्हणाल्या.

"बरं हाय," आत्या म्हणाली. "आन पोरगी साडेनवाले आली तं?"

"आत घेत नाही. लगेच पालकांना फोन करतो."

"करा ना. पन तुमी फोन करून राह्यल्या तवर पोरगी कोठी उभी राह्यते?"

बाई गोंधळल्या. "कुठे म्हणजे? गेटबाहेर."

आत्याने पदर सारखा केला. "चाल व," ती मला म्हणाली.

पुढचे दोन दिवस हे "चाल व" मी इतक्या वेळा ऐकलं की मैत्रीण मला त्याच नावाने हाक मारू लागली. एका उंच इमारतीत तीन मुलींबरोबर राहायची सोय होती. स्वच्छ, वाऱ्याची, वरून डोंगर दिसणारी. मी मनातल्या मनात पलंग कुठे टाकायचा तेही ठरवलं. आत्याने खोलीकडे बघितलंच नाही. तिने मुलींना विचारलं, "समोर कोन राह्यते?" मुली एकमेकींकडे पाहून हसल्या. "माहीत नाही काकू." आत्या तडक समोरच्या दाराशी गेली आणि तिने बेल दाबली. दार उघडलं नाही, पण दाराआडूनच आवाज आला, "कुरिअर खाली ठेवून जा." आत्या दाराच्या भिंगाला डोळा लावून ओरडली, "मी कुरिअर नाही, मानूस हाय!" "ठेवा खाली," आवाज पुन्हा म्हणाला. एजंट जिन्याच्या कठड्याला धरून हसत होता. चाल व.

खरी परीक्षा मात्र पुढच्या घरी झाली. नवराबायको दोघेच, सगळं चकचकीत, वरच्या मजल्यावर वेगळी खोली. त्यांनी चहा दिला, बाकरवडी दिली, गावची चौकशी केली. "उंद्री म्हणजे कुठं?" असं कौतुकाने विचारलं. आत्याचं बोलणं ऐकून बाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येत होतं, पण ते त्या लगेच आवरून घेत होत्या. निरोप घेताना आत्या म्हणाली, "चांगली मानसं हायेत." मी पर्समधून पेन काढलं. एजंटाने कागद काढला. "मॅडम, ही जागा आजच जाईल हां," तो म्हणाला.

"जाऊ दे ना मंग," आत्या म्हणाली. "आमी काय धरून ठेवली?" आणि ती कोपऱ्यावरच्या देवळाच्या ओट्यावर जाऊन बसली. तिथे तिने भाकरी सोडली, एजंटालाही ठेच्यासकट खाऊ घातली. तो पाणी पीत पीत डोळे पुसत होता. ऊन चांगलं तापलं, रस्त्यावरची कुत्रीसुद्धा गाड्यांखाली जाऊन झोपली, तेव्हा आत्या उठली. "चाला आता."

"आता? काकू, लोक झोपलेत."

"म्हनूनच तं."

तिने त्याच घराची बेल दाबली. मग पुन्हा दाबली. आतून पाय आपटत कुणी आलं, दार खाडकन उघडलं. मघाचेच गृहस्थ, पण बनियनवर आणि भलत्याच चेहऱ्याचे. "ही काय वेळ आहे का? कळत नाही का माणसाला?"

"माहा चष्मा राह्यला का पाहा ना जरा," आत्या अगदी मऊ आवाजात म्हणाली.

"नाही इथं काही!" दार आपटलं. आत्याने कनवटीचा चष्मा काढला, पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि बंद दाराकडे नीट बघितलं. "दुपारची झोप मोडली का मानूस आतून बाहेर येते," ती म्हणाली. "हे पोरगी रातच्याला दमून येइन, तवा इले दार उघडनारा हा. सकाळचा बाकरवडीवाला नाही."

एजंटाने हात टेकले. "काकू, तुम्हांला घर नको आहे, तुम्हांला सोयरीक पाहिजे."

"सोयरीकच हाय," आत्या म्हणाली. "पोरगी रोज तठीच येइन ना?"

तो गेला तो गेलाच. नंतर त्याने माझा फोनही उचलला नाही.

रविवारी दुपारपर्यंत आम्ही आणखी घरं पाहिली आणि आणखी लोकांच्या झोपा मोडल्या. एकाने रखवालदाराला हाक मारली. एका बाईंनी दाराची साखळी न काढता फटीतूनच आम्हांला पन्नास टक्के सवलतीचं पत्रक दिलं. त्या आम्हांला कोण समजल्या होत्या हे मला आजही कळलेलं नाही. शेवटी एका बंद दुकानाच्या पायरीवर मी बसले आणि मला रडू फुटलं. "आत्या, खरं सांग. तुले बाबानं नाही म्हनासाठीच धाडलं ना?"

"हाव," आत्या म्हणाली.

मी रडायची थांबले.

"त्याले वाटते का मले समजत नाही. पन मी त्याच्यासाठी नाही आली. मले इकडं याचंच होतं." ती माझ्या शेजारी पायरीवर टेकली. मग तिने रस्त्याकडे बघत सांगितलं, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच पलीकडच्या बांधापर्यंत गेला नाही. ती बुलढाण्याला शिकायला होती. आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. मास्तरीण व्हायचं म्हणून गेली होती, नात्यातल्या एका घरी राहत होती. घर चांगलं, खायला प्यायला कमी नाही, कुणी कधी वाकडा शब्द बोललं नाही. "पन मी कालेजातून आली का दार वाजवू. आन ते दार लय उशिरा उघडे. आतून कोनी तरी म्हने, आली वाटते. बस, एवढंच. रोज. मंग मले दार वाजवाचीच लाज वाटे. पावसात मी वसरीत उभी राहू, कोनी आपसूक बाहेर येइन म्हनून." परीक्षेच्या आधीच ती गावी परत आली. घरच्यांना सांगितलं, जीव लागत नाही. लोक म्हणाले, पोरीले शिक्षन झेपलं नाही. "म्या बी मंग तसंच सांगतलं समद्याइले." तिने पदराने माझं तोंड पुसलं, जरा जोरातच. "ऊठ. अजून ऊन हाय."

त्या भागात नव्या इमारतींच्या मधोमध एक जुनं गाव अडकलेलं आहे. गावाच्या बोळी तशाच, मारुतीचं देऊळ तसंच, फक्त घरांवर मजले चढलेत. एका चारमजली घराखाली, जिथे इतर लोक गाड्या लावतात तिथे, एक म्हैस बांधलेली होती. कठड्यावर खडूने लिहिलं होतं: खोली भाड्याने. आत्याने बेल दाबली.

आतून चपलांचा आवाज आला, दार उघडलं. आत्याच्याच वयाच्या एक बाई, केस सुटलेले, गालावर उशीच्या सुरकुत्या, एक डोळा अजून अर्धा मिटलेला. त्यांनी आम्हांला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "अगं बया," त्या म्हणाल्या, "उन्हाच्या कुठं हिंडताय? या, आधी आत या." आणि आत जाऊन त्यांनी पंख्याचं तोंड आमच्याकडे फिरवलं. पाणी आणलं. आम्ही प्यायलो, पुन्हा आणलं. मग खाली बसून, केस बांधता बांधता त्यांनी विचारलं, "हां, आता सांगा. कोण तुम्ही?"

"ठरलं," आत्या म्हणाली.

"काय ठरलं?"

"घर."

बाई हसू लागल्या. "अहो, पर आम्ही एकट्या पोरींना देत नाय खोली. आमच्या मालकांना नको वाटतं. जबाबदारी असती."

आत्या मागे हटणारी नव्हती. "तुमाले पोरगी हाय?"

"हाय की. हैदराबादला नोकरीला."

"मंग तिले तठी दार कोन उघडते?"

बाईंचे हात केसांतच थांबले. "कोण उघडणार? त्या दाराला आकडे दाबायचे असत्यात. आकडे दाबले की दार आपलं आपण उघडतं." त्या जरा वेळ दाराकडे बघत राहिल्या. आत्याही बघत राहिली. मग दोघी एकदम हसल्या, का ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

आता सगळं खरं सांगून टाकलेलं बरं म्हणून मी म्हटलं, "काकू, मला कामावरून यायला कधी कधी रात्रीचे अकरा होतील." बोलून मी जीभ चावली. आत्या ताठ झाली आणि तिने बाईंच्या चेहऱ्याकडे अशी नजर लावली की वांग्यांनाही तिने कधी लावली नसेल.

बाईंनी विचार केला. "अकरा," त्या म्हणाल्या. "मग जेवून येणार का येऊन जेवणार?"

आत्याने मांडीवर अशी थाप मारली की खालची म्हैस हंबरली. आतल्या खोलीतून मालक लुंगी सावरत बाहेर आले. "काय झालं?"

"ही पोर वर राहणारे," बाईंनी सांगितलं.

"पर आपण पोरींना..."

"उन्हाच्या आल्यात त्या," बाई म्हणाल्या. हे कारण त्यांना पुरेसं वाटलं असावं, कारण मालकांनी मान डोलावली आणि ते चहाचं आधण ठेवायला गेले. इतकी मान वळणारा माणूस पाहून आत्याचे डोळे भरून आले.

तिथूनच तिने बाबांना फोन लावला. फोन नेहमीप्रमाणे आरशासारखा समोर धरलेला, त्यामुळे दोन्ही बाजू सगळ्या बोळीने ऐकल्या.

"पाह्यलं घर. चांगलं हाय. पोरगी उद्या कामावर जाते."

बाबा म्हणाले, "गेट किती वाजता बंद होते, बाई?"

"होतच नाही. गेटच नाही. खालतं म्हैस बांधेल हाय."

"मंग कसं जमन? आन खोली कशी हाय?"

"खोलीचं काय पाहाचं? चार भिती असतीनच."

"म्हंजे तू खोली पाह्यलीच नाही?"

"तू मले नाही म्हनासाठी धाडलं होतं ना? तं ऐक आता, मी हो म्हनली. तुह्या कडेवरच्या बहिनीनं हो म्हनलं." तिला बहुधा उलटं म्हणायचं होतं, पण तिकडून बाबांचं हसणं ऐकू आलं. आधी दबकं, मग मोकळं. "हाव बाई," ते म्हणाले. "तू म्हनली तं हाव." मी आयुष्यात पहिल्यांदा त्या फोनला हात जोडले.

पुढचं सांगायलाच नको. आत्या उंद्रीला पोचण्याआधी बातमी पोचली होती. ट्रॅव्हल्समधल्या सगळ्या प्रवाशांना तिने ती स्वतः सांगितली होती. आता चिखली तालुक्यातल्या पोरी पुण्याला किंवा संभाजीनगरला जायला निघाल्या की आधी तिच्या बंगईसमोर, म्हणजे झोपाळ्यासमोर, जाऊन बसतात. त्यांचे बाप कुरकुरतात, पण पाठवतात. पोरी मोबाइलवर घरांचे व्हिडिओ दाखवतात. आत्या ते बघत नाही. "बेल वाजवून पाह्यली का?" एवढंच विचारते. गुडघे धरल्यामुळे तिचं स्वतःचं हिंडणं आता थांबलंय. मला त्या घरात मात्र कधी आकडे दाबावे लागले नाहीत, आणि अकरा वाजता आल्यावर कधी उपाशी झोपावं लागलं नाही.

मला आठवते ती त्या रविवारची संध्याकाळ. गाडीला अजून अवकाश होता. मी म्हटलं, आत्या, निदान आता तरी खोली बघ. आम्ही वर गेलो. लहानशी खोली, एक खिडकी, ताज्या चुन्याचा वास. सामान काहीच नव्हतं. आत्या मधोमध उभी राहिली. तिने भिंतीला हात लावून पाहिला, खिडकी उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मला वाटलं, आता काहीतरी खोट काढणार.

"तू जाय खालतं," ती म्हणाली. "च्या पी त्याइच्या संगं. मले जराशीक एकटीले राहू दे अठी."

मी खाली येऊन चहा घेतला. वरून काहीच आवाज येत नव्हता. एकदा फक्त दार आतून लोटल्याचा आणि कडी सरकवल्याचा आवाज आला. काकूंनी वर बघितलं, पण काही विचारलं नाही, कपात आणखी चहा ओतला. ऊन समोरच्या उंच इमारतींवर चढत गेलं. मग कडी निघाली आणि आत्या जिना उतरून आली. तोंड धुतलेलं, केस नव्याने विंचरलेले, आणि चेहरा असा की मला ती ओळखीची असूनही कुणी कोवळी मुलगी वाटली.

"चांगली हाय खोली," ती हळूच म्हणाली, आणि पिशवी उचलली.